गाडी माझी, माल दुसऱ्याचा: तस्करीला मदत केल्याचा गुन्हा कसा ठरतो

चोर्ला रस्त्यावर कणकुंबीच्या नाक्यावर गोव्याची दारू पकडली, निपाणीपुढे कोगनोळीजवळ गुटख्याचा टेम्पो अडवला, रेशनचा तांदूळ पोती बदलून महाराष्ट्रात चालला होता तो जप्त झाला. बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातल्या वृत्तपत्रवाचकाला या बातम्यांची इतकी सवय झाली आहे की तो मथळा वाचूनच पुढे सरकतो. मात्र अशा बातमीच्या पाठोपाठ अलीकडे एक मागणी हमखास पुढे येते. माल नेणाऱ्याला पकडून काय उपयोग, त्याला गाडी देणारा, गोदाम देणारा, नाक्यावर कोण उभा आहे याची खबर फोनवरून पुरवणारा आणि पैसे घालणारा या सगळ्यांनाच तुरुंगात टाका, अशी ती मागणी असते. सरकारेही त्याच दिशेने चालली आहेत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने अमली पदार्थांचे गुन्हे ‘मोक्का’च्या, म्हणजे १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याच्या, कक्षेत आणणारे विधेयक मंजूर केले. त्याआधी १ जुलै २०२४ पासून देशभर लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्हेगारीसाठी स्वतंत्र कलम आलेच होते.

या चर्चेतून सर्वसाधारण वाचकाचा असा समज होतो की आजवर मदतनीस मोकळे सुटत होते आणि आता त्यांच्यासाठी नवा गुन्हा तयार होत आहे. तसे नाही. मदत करणाऱ्याला शिक्षा देण्याची तरतूद आपल्या जवळपास प्रत्येक संबंधित कायद्यात आधीपासून आहे आणि काही ठिकाणी ती मुख्य गुन्हेगाराइतकीच कडक आहे. नव्या प्रस्तावांत खरा फरक पडतो तो दुसरीकडे. मदत करणाऱ्याला नेमके किती ठाऊक असायला हवे आणि ते ठाऊक होते की नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकायचे, हा तो मुद्दा आहे. सीमाभागातल्या टेम्पोचालकाच्या, गोदाममालकाच्या किंवा पार्सल नेऊन देणाऱ्या बसचालकाच्या दृष्टीने शिक्षेच्या वर्षांपेक्षा हाच प्रश्न मोठा आहे.

आधी सीमा कोणती, ते पाहू

सीमाशुल्क कायदा १९६२ मध्ये तस्करीची जी व्याख्या आहे ती देशाच्या सीमेशी जोडलेली आहे. शुल्क चुकवून, बंदी मोडून किंवा लपवून देशात आणलेला अथवा बाहेर नेलेला आणि त्यामुळे जप्तीस पात्र ठरणारा माल म्हणजे तस्करीचा माल. आपल्या भागाला या प्रकारच्या सीमेची आठवण आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत अनमोडच्या पलीकडे पोर्तुगीज राज्य होते, आणि लोंढ्याच्या पुढे कॅसलरॉक स्थानकावर रेल्वेतल्या प्रवाशांचे सामान जकातीसाठी तपासले जाई. त्या दिवसानंतर ही सीमा दोन राज्यांमधली सीमा झाली.

दोन राज्यांच्या सीमेवरून माल नेणे हा मुळात गुन्हा नाही. राज्यघटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशांतर्गत व्यापाराला मोकळीक दिली आहे, आणि बेळगावचा भाजीपाला व दूध रोज गोव्याला जाते ते याच मोकळिकीवर. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर विक्रीकराचे नाकेही उठले. गुन्हा घडतो तो त्या विशिष्ट मालासाठी वेगळा कायदा असेल तेव्हा. दारू हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. पिण्याची दारू वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवलेली असल्यामुळे प्रत्येक राज्य तिच्यावर आपापले अबकारी शुल्क लावते, गोव्याचे शुल्क कमी आहे आणि त्यामुळे घाट चढून आलेल्या बाटलीत नफा आहे. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ नुसार परवान्याविना ती राज्यात आणणे गुन्हा आहे, आणि शिनोळीवरून चंदगडकडे नेली तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ लागू होतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे. रेशनच्या धान्याला जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ आणि गांजासारख्या पदार्थांना अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ लागू होतो. गुरांच्या वाहतुकीचा कायदा आणखी वेगळा आहे.

सोने मात्र पुन्हा सीमाशुल्काच्या कक्षेत जाते. सांबऱ्याच्या विमानतळावर परदेशातून विमान उतरत नाही, तरी गोव्याच्या दाबोळी किंवा मोपा विमानतळावर चोरून उतरवलेले सोने चोर्ल्यातून मोटारीने बेळगावात आले तर त्याचा दोष घाटात धुऊन जात नाही. ते सोने जिथे सापडेल तिथे तस्करीचेच ठरते आणि शेवटच्या शंभर किलोमीटरसाठी गाडी देणाराही त्याच कायद्याच्या कचाट्यात येतो.

म्हणून ‘तस्करीला मदत केल्यास अमुक वर्षे शिक्षा’ अशी बातमी वाचल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की ही तरतूद कोणत्या मालाबद्दल आणि कोणत्या कायद्यात आहे. दारूच्या खोक्याला आणि सोन्याच्या बिस्किटाला एकच नियम लागू नाही.

कायद्याच्या दृष्टीने मदत कशाला म्हणतात

कायद्याच्या भाषेत यासाठी ‘अपप्रेरणा’ अशी संज्ञा आहे. गुन्ह्याला चिथावणी देणे, त्याच्या कटात सामील होऊन त्यानुसार काही घडवणे किंवा हेतुपूर्वक साहाय्य करणे, असे तिचे तीन प्रकार भारतीय न्याय संहितेच्या ४५ व्या कलमात दिले आहेत. आपल्या विषयाला तिसरा प्रकार महत्त्वाचा आहे. गुन्हा घडण्यापूर्वी किंवा घडताना तो सुकर व्हावा म्हणून केलेली कोणतीही कृती त्यात येते, आणि जी गोष्ट करणे कायद्याने बंधनकारक होते ती मुद्दाम न करणे हेसुद्धा साहाय्यच मानले जाते. मालाच्या गाडीपुढे दोन-तीन किलोमीटर अंतर ठेवून चालणारी आणि नाक्याची खबर मागे कळवणारी ‘पायलट गाडी’ यात सरळ बसते, जरी त्या गाडीत एकही बाटली नसली तरी.

अपप्रेरणेमुळे गुन्हा घडला आणि त्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल, तर ४९ व्या कलमानुसार मदतनीसाला मुख्य गुन्ह्याचीच शिक्षा होते. गुन्हा घडलाच नाही तरी सुटका नाही. ज्या गुन्ह्याला कारावास आहे त्यात कमाल मुदतीच्या एक चतुर्थांशापर्यंत शिक्षा देता येते, आणि मदत करणारा हा गुन्हा रोखण्याचे कर्तव्य असलेला लोकसेवक असेल तर ती मर्यादा निम्म्यापर्यंत जाते. नाक्यावरचा शिपाई पैसे घेऊन पाठ फिरवतो तेव्हा तो लाचखोर असतोच, शिवाय तस्करीचा मदतनीसही ठरू शकतो. ही तरतूद जुन्या दंडसंहितेतही होती, पण बातम्यांत ती फारशी दिसत नाही.

विशेष कायदे याहून पुढे जातात. जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या ८ व्या कलमानुसार नियम मोडायला मदत करणाऱ्याने तो नियम स्वतः मोडला असेच मानले जाते. अमली पदार्थांच्या कायद्यात साहाय्य आणि कट यांना मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे, आपले घर, खोली किंवा वाहन जाणीवपूर्वक वापरू देणाऱ्यालाही तेवढीच आहे, आणि पैसा पुरवणाऱ्याला किंवा अशा व्यवहारातल्या माणसाला आसरा देणाऱ्याला किमान दहा ते कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आहे. सीमाशुल्क कायद्याची भाषा तर इतकी रुंद आहे की असा माल वाहणारा, हलवणारा, ठेवून घेणारा, लपवणारा, विकणारा आणि विकत घेणारा असे सगळेच तिच्यात येतात. एक कोटी रुपयांहून अधिक बाजारभावाचा माल असेल तर कमाल शिक्षा सात वर्षे आहे.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, पैसा आणि आसरा देणाऱ्यांसाठीचे अमली पदार्थ कायद्यातले २७-अ हे कलम काही वर्षे कागदावर लटकत होते. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्येच्या उपकलमाचा क्रमांक बदलला, पण २७-अ मध्ये जुनाच क्रमांक राहून गेला. त्रिपुरा उच्च न्यायालयाने हे दाखवून दिल्यानंतर २०२१ मध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागली. कडक कायदा करण्याची घाई असते तेव्हा निदान तो नीट लिहिण्याचीही घाई असावी, असे हे प्रकरण वाचून वाटते.

शिडी देणारा केव्हा दोषी ठरतो

एका माणसाकडे उंच शिडी आहे आणि तो ती भाड्याने देतो, असे समजू. शेजारी घराच्या रंगकामाला म्हणून शिडी नेतो आणि रात्री तिच्यावरून चढून कोणाच्या तरी माडीत चोरी करतो. शिडीमुळे चोरी सोपी झाली हे खरे, पण शिडीवाला दोषी नाही, कारण त्याला काही माहीत नव्हते. दुसऱ्या वेळी शेजारी स्पष्ट सांगतो की आज अमक्याची माडी फोडायची आहे, आणि तरीही शिडी मिळते. येथे शिडीवाला उघडपणे दोषी आहे. कठीण आहे तो मधला प्रसंग. शेजारी रात्री दोन वाजता येतो, भाडे नेहमीच्या पाचपट देतो, रंगाचा डबा कुठेच दिसत नाही, आणि शिडीवाला मुद्दाम काहीच विचारत नाही.

तस्करीच्या मदतनिसांचे बहुतेक खटले या मधल्या प्रसंगाचे असतात. खानापूरच्या एखाद्या तरुणाने आपली पिकअप एका रात्रीसाठी दिली, भाडे अवाच्या सवा घेतले, नंबरप्लेटवर चिखल फासला आणि मुख्य रस्ता सोडून जांबोटीच्या बाजूचा आडरस्ता धरला, तर ‘आत काय होते ते मला माहीत नव्हते’ या त्याच्या म्हणण्यावर न्यायालय सहज विश्वास ठेवणार नाही. परंतु त्याच तरुणाने दिवसाढवळ्या, नेहमीच्या दरात, बिल्टीसह काजूची पोती भरली आणि त्यांतल्या दोन पोत्यांत बाटल्या निघाल्या, तर त्याचे म्हणणे वेगळ्या नजरेने पाहिले जाईल.

कायदे या तीन प्रसंगांतला फरक दोन पायऱ्यांनी टिपतात. एक पायरी प्रत्यक्ष जाणिवेची आहे, तर दुसरी ‘असे मानण्यास पुरेसे कारण होते’ याची. भारतीय न्याय संहितेतले साहाय्य हेतुपूर्वक असावे लागते, म्हणून तिथे पहिली पायरी लागते. सीमाशुल्क कायद्याला दुसरी पायरीही पुरते, म्हणजे माणसाला प्रत्यक्ष माहीत नसले तरी समोरची परिस्थिती पाहून कोणाही समजदार माणसाला कळले असते इतके दाखवले की भागते. एखादा नवा प्रस्ताव पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरत असेल, तर शिक्षा एका दिवसाने न वाढताही जाळे कित्येक पट मोठे होते.

‘मला माहीत नव्हते’ हे कोणी सिद्ध करायचे?

सामान्य फौजदारी खटल्यात आरोपीचा दोष सरकारी पक्षाने संशयातीत सिद्ध करायचा असतो आणि आरोपीने गप्प बसले तरी चालते. तस्करीच्या कायद्यांत हा नियम काही प्रमाणात उलटा केलेला आहे. सीमाशुल्क कायद्याचे कलम १३८-अ आणि अमली पदार्थ कायद्याचे कलम ३५ यांनुसार न्यायालय आरोपीची जाणीव किंवा हेतू गृहीत धरून चालते. ती जाणीव नव्हती हे आरोपीने दाखवायचे असते, तेही नुसते संभाव्य वाटेल इतके दाखवून चालत नाही तर संशयातीत सिद्ध करावे लागते. सोन्याच्या बाबतीत कलम १२३ आहे. तस्करीचे असल्याच्या वाजवी समजुतीने सोने जप्त झाले, तर ते तस्करीचे नाही हे ज्याच्या ताब्यात ते होते त्याने दाखवायचे. शहापूरच्या सराफाने जुने सोने घेताना पावती आणि विकणाऱ्याची ओळख जपून ठेवावी ती यासाठी.

येथे वाचकाच्या मनात आक्षेप येईल की, एखादी गोष्ट माहीत नव्हती हे सिद्ध तरी कसे करायचे? आक्षेप रास्त आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याची दखल घेतली आहे. नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य या २००८ च्या निकालात न्यायालयाने हे उलटे ओझे घटनाबाह्य ठरवले नाही, पण सरकारी पक्षाने आधी पायाभूत गोष्टी सिद्ध केल्या पाहिजेत असे बजावले. माल खरोखर तोच होता, तो या आरोपीच्या ताब्यात सापडला आणि जप्ती नियमाप्रमाणे झाली, एवढे सरकारने उभे केल्याशिवाय गृहीतकाला सुरुवातच होत नाही. व्यवहारात आरोपीला वाचवतात ते कागद: वाहतुकीची बिल्टी, ई-वे बिल, गोदामाचा लेखी भाडेकरार, बँकेतून आलेले भाडे आणि माल भरताना काढलेले फोटो. रोखीत आणि तोंडी झालेल्या व्यवहाराला यांतले काहीच नसते, आणि आपल्याकडचे बहुतेक छोटे वाहतूकदार रोखीतच आणि तोंडीच व्यवहार करतात, ही खरी अडचण आहे.

मोबाइलवरचे संदेश मात्र दुधारी आहेत. ‘माल काय आहे?’ असे विचारल्याचा आणि ‘काजू’ असे उत्तर आल्याचा संदेश चालकाच्या बाजूने बोलतो, तर ‘नाका मोकळा आहे’ हा एक संदेश संपूर्ण बचाव पाडू शकतो.

गाडीचे काय होते?

आरोपीपेक्षा त्याच्या घरच्यांना जास्त काळजी गाडीची असते, कारण बहुतेक वेळा ती कर्जाची असते आणि गाडी ठाण्याच्या आवारात गंजत पडली तरी हप्ता थांबत नाही. वाहनाच्या जप्तीचा प्रश्न खटल्यापासून वेगळा चालतो. सीमाशुल्क कायद्यात मालकाने असे दाखवावे लागते की हा वापर त्याच्या स्वतःच्या, त्याच्या हस्तकाच्या आणि गाडी ताब्यात असलेल्या व्यक्तीच्या माहितीविना झाला. म्हणजे मालक घरी झोपलेला असला तरी चालकाला माहीत असेल तर गाडी जाऊ शकते. अमली पदार्थांच्या कायद्यात याशिवाय तिघांनीही योग्य ती खबरदारी घेतली होती असे दाखवावे लागते.

या बाबतीत जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात दिलेला निकाल वाहनमालकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. एका ट्रकमधल्या प्रवाशाकडे हेरॉइन सापडले होते, ट्रकमालक आणि चालक आरोपी नव्हते, तरी ट्रक अडकून पडला होता. खटला संपेपर्यंत गाडी अडकवून ठेवलीच पाहिजे असे कायदा सांगत नाही, असे म्हणून न्यायालयाने ती अटींवर सोडायला सांगितले. मालकाकडे किंवा त्याच्या चालकाकडेच माल सापडला तर सहसा गाडी मिळणार नाही, पण ती चोरीची असेल किंवा माल तिऱ्हाईत प्रवाशाचा असेल आणि मालकावर आरोप नसेल तर मिळू शकते, असा फरक त्या निकालात केला आहे. बेळगावहून कोल्हापूरला जाणाऱ्या वडापच्या मालकाला तो लागू पडण्यासारखा आहे.

संघटित गुन्हेगारीचे कलम कोणाला लागते?

भारतीय न्याय संहितेच्या १११ व्या कलमात अमली पदार्थ, शस्त्रे आणि बेकायदा मालाचा व्यापार टोळीने करणे हा संघटित गुन्हा आहे, आणि तो जाणीवपूर्वक सुकर करणाऱ्याला किमान पाच वर्षे ते जन्मठेप आणि किमान पाच लाख रुपये दंड आहे. मोक्कामध्येही किमान पाच वर्षे आणि पाच लाख हेच आकडे आहेत. शिवाय तिथे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो आणि जामीन मिळणे फार कठीण असते. नव्या विधेयकामुळे कागलमध्ये अमली पदार्थ उतरवणाऱ्या टोळीला निपाणीतून हात देणाऱ्यावरही महाराष्ट्राची ही कलमे येण्याची शक्यता वाढली आहे.

‘मग दोन खोकी आणणाऱ्या पोराला जन्मठेप होणार का?’ असा प्रश्न लगेच विचारला जातो. तसे होऊ नये यासाठी कलमातच एक उंबरठा ठेवलेला आहे. दोन किंवा अधिक जणांची टोळी असावी लागते, बेकायदा कृत्य तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेचे आणि दखलपात्र असावे लागते, आणि मागच्या दहा वर्षांत अशा कृत्यांबद्दल एकापेक्षा जास्त आरोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. पहिल्यांदाच सापडलेल्या पोराला हे कलम लावले तर वकिलाने सर्वांत आधी हा उंबरठा तपासावा. तरी गुन्हा नोंदवताना हे कलम घातले गेले तर ते गळून पडेपर्यंतचा काळ कोठडीतच जातो, याकडे कायदा करणाऱ्यांचे लक्ष कमी असते.

सुक्याबरोबर ओलेही जळते, त्याचे काय?

मदतनिसांना कडक शिक्षा द्यावी या मताच्या लोकांचा युक्तिवाद असा की, गाडी, गोदाम आणि खबर मिळाली नाही तर तस्कर एक पाऊलही टाकू शकणार नाही. विरोधकांचे म्हणणे असे की पकडला जातो तो नेहमी शेवटचा माणूस, म्हणजे पाचशे-हजार रुपयांसाठी रात्री घाट चढणारा चालक, आणि पैसा घालणारा कुठल्याच कागदावर नसतो. माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि म्हणूनच सर्व मदतनिसांना एकाच किमान शिक्षेत बसवणारा प्रस्ताव मला चुकीचा वाटतो. किमान शिक्षा ठरवली की न्यायाधीशाला हमाल आणि भांडवलदार यांत फरक करण्याची मोकळीक राहत नाही. पैसा पुरवणे, सरकारी पदाचा वापर करणे आणि वारंवार मदत करणे यांना वेगळी, जड शिक्षा, आणि एकदा मजुरीवर गेलेल्याला न्यायाधीशाच्या विवेकावर सोडणे, ही मांडणी अधिक न्याय्य आहे. खालच्या माणसाने माफीचा साक्षीदार होऊन वरचे नाव सांगावे असे खरोखर वाटत असेल, तर त्याला सवलतीसाठी जागा ठेवावीच लागते.

शिक्षा वाढवली की तस्करी थांबेल, ही अपेक्षाही जपूनच ठेवावी. पलीकडे शुल्क कमी आणि अलीकडे जास्त आहे तोवर दारूच्या बाटलीतला नफा राहणार, आणि जोखीम वाढली तर ती घेणाऱ्या चालकाची मजुरी वाढेल इतकेच.

खटल्याविना स्थानबद्धता आणि कन्नडमधले कागद

शिक्षेच्या चर्चेत एक गोष्ट मागे राहते. मदतनिसाला खटला न चालवताही आत ठेवता येते. १९७४ च्या ‘कॉफेपोसा’, म्हणजे परकीय चलनाचे संरक्षण आणि तस्करीला प्रतिबंध यांसाठीच्या, कायद्यानुसार सीमाशुल्काच्या अर्थाने तस्करी करणारा, तिला साहाय्य करणारा, माल वाहणारा किंवा लपवणारा आणि तस्करांना आसरा देणारा यांना सामान्यतः एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. दारू आणि अमली पदार्थांसाठी कर्नाटकात १९८५ चा, बोलीभाषेत ‘गुंडा कायदा’ म्हटला जाणारा, प्रतिबंधक कायदा आहे आणि दारूच्या धंद्याला जाणूनबुजून पैसा किंवा वाहन पुरवणारासुद्धा त्याच्या व्याख्येत बसतो. हा शिक्षेचा हुकूम नसतो, पुढे गुन्हा करू नये म्हणून घेतलेली खबरदारी असते, असे सरकार म्हणते. आत बसलेल्याला हा फरक फारसा जाणवत नाही.

अशा वेळी आपल्या भागातल्या मराठी माणसाला भाषेचा प्रश्न येतो, कारण प्रथम माहिती अहवाल, महजर (म्हणजे पंचनामा) आणि जबाब बहुधा कन्नडमध्ये असतात. याबाबत लोकांना वाटते त्यापेक्षा कायदा अधिक उदार आहे. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याची गरजच नसते, तसे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत म्हटले आहे. सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे कलम १०८ खाली दिलेला जबाब मात्र वेगळा आहे. हे अधिकारी पोलीस मानले जात नाहीत, त्यामुळे तो जबाब पुरावा म्हणून वापरता येतो, आणि न वाचता केलेली सही तिथे महागात पडते. अमली पदार्थांच्या कायद्यात अधिकाऱ्यांपुढचा असा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तूफान सिंह प्रकरणात २०२० मध्ये ठरवले आहे.

अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितले. स्थानबद्धतेच्या बाबतीत तर हे तत्त्व फार जुने आहे. लल्लूभाई जोगीभाई पटेल या कॉफेपोसा प्रकरणात इंग्रजी न येणाऱ्या माणसाला इंग्रजीतली कारणे तोंडी समजावून सांगितली होती, ती पुरेशी नाहीत म्हणून न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. कॉफेपोसाखाली कारणे साधारणपणे पाच दिवसांत आणि अपवादात्मक परिस्थितीत पंधरा दिवसांत द्यावी लागतात, आणि पाच आठवड्यांच्या आत प्रकरण स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे पाहणाऱ्या सल्लागार मंडळाकडे जावे लागते. त्या मंडळापुढे आणि सरकारकडे जे निवेदन करायचे ते मराठीत करता येते, कारण राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. निवेदनाची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवावी, कारण ते विचारात घ्यायला सरकारने लावलेला अकारण विलंब हे स्थानबद्धतेचे हुकूम रद्द होण्याचे एक नेहमीचे कारण आहे.